साय धरलेलं रक्त

माणसं वयाबद्दल खोटं बोलतात, पगाराबद्दल बोलतात, पण सकाळी रक्त द्यायला आल्यावर खाण्याबद्दल जेवढं खोटं बोलतात तेवढं बाकी कशाबद्दल बोलत नसावीत. भाईंदर पश्चिमेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं लोकांच्या दंडाला रबर बांधला आणि सुया टोचल्या. रोज सकाळी साडेसातपासून पहिला प्रश्न एकच, रात्रीपासून काही खाल्लंय का. उत्तरही एकच, नाही. एक काका तर मिशीत फाफड्याचा कण घेऊन मला सांगत होते की कुछ नहीं खाया. मी कण दाखवला तेव्हा म्हणाले, वो तो नाश्ता था बेन, खाना कहाँ खाया. एका बाईंना सुई टोचली की चक्कर यायची, म्हणून त्यांनी खबरदारी घेऊन रिक्षातच दोन बेसनाचे लाडू खाल्ले होते, आणि हे त्यांनी मला फार समजूतदारपणे सांगितलं. अशांना मी सरळ घरी पाठवायची. लोक मला तोंडाळ म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रक्त म्हणजे लाल. आम्हाला लॅबमध्ये त्या लाल रंगाशी फारसं काम नसतं. रक्त छोट्या नळीत घ्यायचं, तिला आम्ही बल्ब म्हणतो. थोडा वेळ ते गोठू द्यायचं, मग मशीनमध्ये गरगर फिरवायचं. जड लाल भाग तळाला बसतो आणि वर उरतं ते सिरम, म्हणजे रक्तातलं पाणी म्हणा. ते फिकट पिवळं, आरपार दिसेल असं असतं. थायरॉईड, कोलेस्टेरॉल, बरंचसं शोधायचं ते त्या पाण्यात. माणूस तळलेलं, तुपातलं हादडून आला असेल तर त्या जेवणातली चरबी अजून रक्तात तरंगत असते आणि सिरम गढूळ दिसतं. फारच असेल तर दुधासारखं पांढरं. त्या पांढऱ्यापायी कितीतरी तपासण्या चुकतात. अशा नमुन्याला लायपेमिक म्हणतात, आणि रिपोर्टवर शेरा मारायचा तो इतकाच की नमुना लायपेमिक आहे, उपाशीपोटी पुन्हा द्यावा.

मी तेवढ्यावर थांबायची नाही. मी लिहायची, 'पेशंट उपाशी नव्हता.' मला दिसलेलं असायचं ते फक्त पांढरं सिरम, पण मी पेशंटचा गुन्हाही लिहून मोकळी व्हायची. लॅबचे मालक शहा डॉक्टर दुपारी तासभर येऊन रिपोर्टांवर सह्या करायचे. ते सगळ्यांसमोर म्हणायचे, सुनंदाबेन की आँख मशीन से तेज है. हे ऐकून मी फुगायची.

तशी मी आधीच फुगलेली होते. वजन चौऱ्याऐंशी किलो, आणि उंची सांगण्यासारखी नाही. त्या वर्षांत भाईंदरला डायबिटीसची लाटच आली होती. नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी साखर तपासायचं शिबिर. थायरॉईड हा शब्द भाजीवाल्याच्या गाडीवर ऐकू यायला लागला. शिबिरात डॉक्टर भाषण करायचे, चरबी कमी करा, चरबी हे सगळ्या रोगांचं मूळ आहे, आणि भाषण चालू असताना हॉलमधली निम्मी माणसं टेबलामागे बसलेल्या माझ्याकडे बघायची. मी दर तीन महिन्यांनी गुपचूप स्वतःचं रक्त काढून तपासायची. साखर व्यवस्थित. कोलेस्टेरॉल व्यवस्थित. सिरम आरशासारखं. मला आनंद व्हायचा, पण कोडंही पडायचं.

तेवढ्यात फरसाणचं दुकान चालवणारे दोघे भाऊ आले. थोरला दारातून आडवा होऊन आत शिरायचा, धाकटा काडीसारखा, रोज सकाळी चौपाटीपर्यंत चालणारा. साखर निघाली धाकट्याला. मी म्हटलं, बल्ब बदलले गेले. दोघांना परत बोलावलं, माझ्या हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या, पुन्हा धाकट्यालाच निघाली. थोरला भावाच्या पाठीवर थाप मारून पोट धरून हसला. मी मात्र दोन दिवस विचार करत होते की शिबिरातल्या भाषणाचं आता काय करायचं. पण कामाच्या रगाड्यात असले विचार टिकत नाहीत.

भारती आली ती याच सुमारास, दोन हजार चार किंवा पाच साल असेल. उत्तनच्या कोळ्यांची सून, वय चोवीस. बरोबर सासू, हिराबाई. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, आठ महिने पाळी नाही, म्हणून साखर, थायरॉईड आणि इतर दोन हार्मोन तपासायचे होते.

मी तिच्या दंडाला रबर बांधला आणि माझा जीव सुखावला. हे आमच्या धंद्यातलं सुख आहे, दुसऱ्याला कळणार नाही. माझ्यासारख्या हातात शीर चरबीखाली दडलेली असते, बोटाने चाचपडत शोधावी लागते, कधी तीनदा टोचावं लागतं. या मुलीच्या शिरा मनगटापासून कोपरापर्यंत दोरासारख्या वर आलेल्या. रबर बांधायचीही गरज नव्हती. दंड पुरुषासारखे पिळदार, गाल मात्र आत बसलेले, आणि पोट जरा पुढे. मानेभोवती काळपट, जाडसर पट्टा होता. मला वाटलं, उन्हात मासळी वाळवणारी बाई, घाम आणि खारा वारा, दुसरं काय. हिराबाई म्हणालीच की दगडाने घासायला सांगते पण ही घासत नाही.

सासूची तक्रार वेगळीच होती. मी रक्त काढत असताना ती मला सांगत राहिली की ही मुलगी चार माणसांचं एकटी खाते. भाताचं पातेलं रिकामं करते आणि तासाभराने पुन्हा भांडी हुडकते. लग्नाच्या फोटोत गाल भरलेले होते, आता ही अशी दिसते, आणि गावात बायका म्हणतात की हिरी सुनेला उपाशी मारते. तिला त्या बोलण्याचा फार राग होता. भारती खाली बघत होती. मी विचारलं, रात्रीपासून काही खाल्लंय का. ती म्हणाली, पाणीसुद्धा दोनच घोट.

मशीन थांबलं आणि मी बल्ब बाहेर काढला. सिरम पांढरंशुभ्र. गढूळ नाही, सरळ दूध. साखर तीनशेच्या वर. मला मनातून हसूच आलं. चार माणसांचं खाणारी मुलगी, ती कसली उपाशी येते. मी शेरा मारला, 'पेशंट उपाशी नव्हता, पुन्हा नमुना द्यावा.'

आठ दिवसांनी दोघी परत आल्या. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच दूध. या वेळी मी तिला जरा झापलं. म्हटलं, अगं बाई, एक रात्र कळ काढता येत नाही का तुला, उत्तनहून बस पकडून येतेस, सासूची सकाळ वाया घालवतेस. मी शेरा लिहिला, आणि शहा डॉक्टरांनी सही केली.

तो कागद त्या घरात जाऊन काय करत होता हे मला पुढे कळलं. गावातल्या डॉक्टरांनी तो वाचून दाखवला, हिराबाईने तो नवऱ्याला, मुलाला, शेजारणीला सांगितला. आता लेखी पुरावाच मिळाला की सून चोरून खाते आणि वर तोंडावर खोटं बोलते. स्वयंपाकघराला कुलूप लागलं. कालवणातले तुकडे मोजून ठेवले जाऊ लागले. भारतीचा नवरा बोटीवरून आला की आईकडून दिवसभराचा वृत्तांत ऐकायचा आणि बायकोशी बोलायचा नाही. तिला माहेरी, डोंगरी गावाला कायमचं पाठवून द्यायची भाषा सुरू झाली. सोडून दिलेली मुलगी चोरटी आणि खोटारडी म्हणून परत गेली तर गावात तिचं काय होणार, हे मी वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या वेळी हिराबाई लॅबमध्ये शिरली ती तावातावाने. आधी वाटलं, सुनेवर रागावलीय. पण ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाय, आजचा नीट बघ," ती म्हणाली. "रातभर किल्ली माझ्या कनवटीला व्हती. मी तिच्या बाजूलाच झोपली. हिना काय खाल्ला न्हाय. एकवीरा आयची शपथ घेऊन सांगतो."

मी रक्त काढलं, फिरवलं. दूध.

तेव्हा मला पहिल्यांदा गोंधळल्यासारखं झालं, पण तो गोंधळ मी झटकून टाकला. माझ्या डोळ्यांवर माझा एवढा विश्वास की मी ठरवलं, आता दोघीही खोटं बोलताहेत. मूल हवंय, तपासणीला उशीर होतोय, म्हणून सासू शपथ घेऊन सुनेला पाठीशी घालतेय. शपथ घेणारी ती बाई मला आदल्या दोन खेपांपेक्षा बरी वाटली, हे खरं. भारतीचा चेहरा बघून मला कीवही आली. म्हटलं, आता पुन्हा शेरा मारला तर हिला घरातून काढतील. आणि मी दयाबुद्धीने एक काम केलं.

आमच्याकडे त्याला साय काढणं म्हणायचे. असं दुधाळ सिरम रात्रभर फ्रीजमध्ये उभं ठेवलं की चरबी वर येऊन जाड पांढरा थर धरते, तापवलेल्या दुधासारखा. मग बारीक नळीने खालचा त्यातल्या त्यात स्वच्छ भाग ओढून घ्यायचा, तपासण्या त्याच्यावर करायच्या आणि वरची साय बेसिनमध्ये ओतून द्यायची. चूक त्यात नाही, नाइलाज असला की सगळीकडे असंच करतात. पण तसं केलं असं रिपोर्टवर लिहावं लागतं. मी लिहिलं नाही. शेऱ्याची जागा कोरी ठेवली. रिपोर्ट सुबक निघाला, साखर तीनशे वीसच्या आसपास, थायरॉईड नॉर्मल. हिराबाई तो हातात घेऊन म्हणाली, आता काय लिवला न्हाय ना, आणि मी मान हलवली. पुण्य केल्यासारखं वाटलं मला.

त्या कोऱ्या जागेमुळे गावातल्या डॉक्टरांना कळलंच नाही की या मुलीचं रक्त पांढरं आहे. आधीच्या दोन शेऱ्यांवरून त्यांचा समज झाला होता की ती खाऊन आली होती, आणि तिसऱ्यात तर शेराच नव्हता. बारीक मुलगी, साखर भरमसाट, म्हणून त्यांनी इन्सुलिन सुरू केलं. ते त्यांच्या परीने बरोबर होतं. डोस वाढत गेला, साखर हलेना. मग पुन्हा तोच निष्कर्ष, ही चोरून खाते. दोन महिन्यांनी भारती पोट धरून कोसळली आणि तिला भाईंदरच्या एका नर्सिंग होममध्ये आणलं.

तिथून दुपारी आमच्याकडे रक्त आलं. नाव वाचून मी स्वतः मशीन लावलं. दोन दिवस उलट्या होत होत्या, पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता, असं चिठ्ठीवर लिहिलेलं. आणि सिरम पूर्वीपेक्षा पांढरं, इतकं दाट की बल्ब वाकवला तर भिंतीला चिकटून हळूहळू खाली येत होतं. दोन दिवस उपाशी असलेल्या माणसाचं. मी तो बल्ब रुमालात गुंडाळला, रिक्षा केली आणि नर्सिंग होम गाठलं. इतक्या वर्षांत नमुना घेऊन मी स्वतः कुणाकडे गेले, असं तेवढं एकदाच झालं.

नशिबाने शनिवार होता. मुंबईहून हार्मोनच्या एक डॉक्टर पंधरवड्यातून एकदा तिथे यायच्या, कमी बोलणाऱ्या बाई. मी बल्ब त्यांच्या टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं, आधीची दोन दुधं, शेरे, तिसऱ्या वेळी काढलेली साय. त्यांनी बल्ब उजेडात धरला. मग उठल्या आणि भारतीच्या खाटेपाशी गेल्या. तिचा गाल चिमटीत धरला, दंड धरला, पोटावरची, मांडीवरची कातडी धरली. सगळीकडे नुसती कातडीच हाताला येत होती. मानेवरचा काळा पट्टा पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिच्या अंगात चरबीच नाहीये, बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. तिच्या शिरा बघून खूश झाले होते, आणि त्या शिरा इतक्या वर का आल्यात हा प्रश्न मला पडला नव्हता.

मग त्यांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. आपण चरबीला नुसतं कोठार समजतो, पण ती ग्रंथी आहे. थायरॉईडसारखी तीही रक्तात हार्मोन सोडते. एक हार्मोन मेंदूला सांगतं की साठा आहे, आता खाणं थांबव. दुसरी काही इन्सुलिनला त्याच्या कामात हात देतात. या मुलीच्या शरीराने कशामुळे तरी स्वतःचीच चरबी नष्ट केली. साठवायला जागा उरली नाही, म्हणून खाल्लेली आणि यकृतात तयार झालेली सगळी चरबी रक्तात तरंगते आणि यकृतात साचते. ती उपाशी असो नाहीतर जेवलेली, रक्त पांढरंच राहणार. त्या पांढऱ्यानेच तिचं स्वादुपिंड सुजलं होतं. अंगात इन्सुलिन भरपूर आहे पण शरीर त्याचं ऐकत नाही, मान काळी पडते ती त्याने, पाळी बंद तीही त्याने. आणि पोट भरलं हा निरोप मेंदूला कधी जातच नाही. कितीही खाल्लं तरी ती उपाशीच असते.

मी म्हटलं, डॉक्टर, चरबी जास्त झाली की डायबिटीस होतो ना. त्या म्हणाल्या, होतो. मी म्हटलं, आणि नसली तरी होतो? म्हणाल्या, तोच होतो. मग मला राहवलं नाही, मी स्वतःकडे बोट दाखवून विचारलं की मग मी कशी काय धडधाकट. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या की तुमची चरबी कातडीखाली बसून इमानाने काम करतेय, सगळ्यांची करत नाही, पोटात आतल्या बाजूला गेली की बिघडते, आणि ही तुमची पण कायम साथ देईल असं धरून चालू नका. म्हणजे चरबी चांगली की वाईट, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तसा प्रश्नच नसतो. मला फरसाणवाला धाकटा भाऊ आठवला. खरं सांगते, आज निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, बरंच वाचलं, तरी मला हे सगळं पूर्ण उलगडलंय असं म्हणवत नाही.

इलाज काय, तर चरबीचं ते हार्मोन बाहेरून द्यायचं. तेव्हा परदेशात कुठेतरी त्याचे प्रयोग चालू होते म्हणे, भाईंदरला ते मिळणं शक्य नव्हतं. उरलं काय, तर मोठ्या डोसचं इन्सुलिन, काही गोळ्या, आणि जेवण. तेल जवळजवळ बंद, भात मोजका, मासा उकडलेला, दिवसाला ठरलेलं माप आणि त्यापुढे एक घास नाही. माप मोडलं तर पोटाचा तोच झटका पुन्हा येईल, आणि पुढच्या वेळी ती वाचेलच असं नाही.

शहा डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले की सही तर माझी होती, आणि त्या दिवसापासून लॅबमध्ये नियम झाला की दिसलं तेवढंच लिहायचं, आणि दिसलं ते लिहायचंच. मी तो पुढे कटाक्षाने पाळला. भारती नंतर सात-आठ वर्षं दर तीन महिन्यांनी येत राहिली, सिरम कधी कमी पांढरं, कधी जास्त, स्वच्छ असं कधीच नाही. पुढे त्या लोकांनी घर बदललं आणि ती यायची थांबली.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. नर्सिंग होममध्ये पाचव्या दिवशी ती उठून बसली होती. हिराबाई औषधं आणायला खाली गेलेली. मी खाटेशेजारी बसले आणि म्हटलं, माझं चुकलं, तू खरं बोलत होतीस आणि मी तुला खोटी ठरवलं.

"पयल्या दोन टायमाला मी खरंच उपाशी व्हते मॅडम," ती म्हणाली. "तवा तुमी लिवला, खाल्ला म्हणून. तिसऱ्या टायमाला मना भूक सहन झाली न्हाय. पहाटेला पानी भरायला भायेर गेले, बोंबील वाळत व्हते, तेच कच्चे चावले चार-पाच. तवा तुमी काय लिवला न्हाय."

मग दाराकडे बघत म्हणाली, "आईना सांगू नका. तिना माझ्यासाठी शपथ घेतली."

चार सुक्या बोंबलांनी रक्त दूध होत नाही. तिने खाल्लं असतं किंवा नसतं, बल्बमध्ये मला तेच दिसलं असतं. ज्या सिरमकडे बघून मी इतकी वर्षं माणसं ओळखत होते, त्याने या मुलीबद्दल मला तिन्ही वेळा काहीच सांगितलं नव्हतं.

ती घरी गेल्यावर एका रविवारी मी उत्तनला गेले. माझ्यामुळे तिच्या नावाला लागलेलं मलाच पुसायला हवं होतं, चिठ्ठी पाठवून भागणारं नव्हतं. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत होते, भारतीचा नवरा जाळं घेऊन बसला होता. मी त्याच्यादेखत हिराबाईला सांगितलं की तुमची सून चोरटी नाही, हा आजार आहे, लॅबने चुकीचं लिहिलं आणि ते लिहिणारी मी. नवऱ्याने जाळ्यातून मान वर केली नाही, पण त्याचे हात थांबले. हिराबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मी शपथ घेतली त्या रातीला," तिने विचारलं, "तवा तिना खाल्ला व्हता का न्हाय? खरा सांग."

भारती मोरीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, नव्हतं खाल्लं.

हिराबाई पायरीवर बसली. "मंग इतके महिने मी तिला उपाशी ठेवली, ती कशाला?" ती म्हणाली. "गावातल्या बाया बोलत व्हत्या तसाच केला मी." मग म्हणाली, "आनि आता डाक्टरीन सांगते, मोजूनच वाढ. आता कुठल्या हातानं मोजू, सांग."

तेच कुलूप, तेच मोजलेले तुकडे. काल तो जाच होता आणि आजपासून ते औषध होतं. मी काहीतरी पुटपुटले, कागदावर सगळं लिहून दिलंय, तसं करा. ते मलाच बरोबर वाटेना.

जेवायची वेळ झाली होती. हिराबाईने भाताचं पातेलं आणलं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. भारती पुढे झाली, तिने पातेलं सासूच्या हातातून घेतलं. "आई, मी माझ्या हातानं घेते," ती म्हणाली. ती खाली बसली, वाटीने भात मोजला, एक वाटी. एक उकडलेला तुकडा. भूक तिच्या डोळ्यांत दिसत होती. आम्ही तिघंही बघत होतो. तिने पातेल्यावर झाकण घातलं, आणि ते सासूकडे सरकवून दिलं.